वेस्टर्नला झकास, फ्लोला गायब: ई-कॅडहेरिनच्या अँटीबॉडीचं करायचं काय?

कोपऱ्यातला_इन्क्युबेटर
मंडळी, डोकं फिरलंय म्हणून धागा काढतोय. एमसीएफ-७ पेशींवर (स्तनाच्या कर्करोगाच्या) ई-कॅडहेरिन, म्हणजे पेशींना एकमेकींना चिकटवणारं प्रोटीन, मोजायचंय, फ्लो सायटोमेट्रीने (रंग लावलेल्या पेशी एकेक करून लेझरसमोरून नेऊन चमक मोजायची). लॅबमधे एक माउस मोनोक्लोनल अँटीबॉडी आहे, सगळे वर्षानुवर्षं तीच वापरतात, वेस्टर्नला (पेशी फोडून प्रोटीन जेलवर आकाराने वेगळी करून बघायची पद्धत) १२० किलोडाल्टनवर असा बँड देते की फ्रेम करून लावावा. एमडीए-एमबी-२३१ पेशींमधे काहीच नाही, म्हणजे जिथे प्रोटीन नसायला हवं तिथे नाहीच दिसत. पण तीच अँटीबॉडी जिवंत पेशींना लावली, वर फ्लुओरेसंट सेकंडरी (पहिलीला चिकटणारी, चमकणारी दुसरी अँटीबॉडी) लावली आणि फ्लोवर घातली की एमसीएफ-७ चा पीक आयसोटाइप कंट्रोलच्या (लक्ष्य नसलेल्या अँटीबॉडीच्या) पीकवर जाऊन बसतो. उजवीकडे एक बारीकशी शेपूट दिसते, बाकी शुकशुकाट. अँटीबॉडी वाढवून बघितली तर दोन्ही पीक सोबतच सरकतात. पेशी नेहमीसारख्या ट्रिप्सिन-ईडीटीएने (प्रोटीन कापणारं एन्झाइम अधिक कॅल्शियम ओढणारं रसायन) सोडवल्यात, स्टेनिंग बर्फावर, सोडियम अझाइड घालून.
प्रोटीन पेशीच्या पृष्ठभागावर असतं हे पुस्तकात आहे, अँटीबॉडी चांगली आहे हे वेस्टर्न सांगतंय, मग फ्लोला काय धाड भरलीये? नवीन क्लोन मागवावा की आहे तीच अजून वाजवून बघावी?

पिपेटबाई
पहिला प्रश्न, क्लोन कुठला, म्हणजे कुठल्या पेशीवंशातली अँटीबॉडी? डेटाशीटवर इम्युनोजेन (ती कशाविरुद्ध बनवली) काय लिहिलंय?

खट्याळ_खलबत्ता
पेशींनाच विचारा, त्या आजकाल कुणाला चिकटून घेत नाहीयेत बहुतेक. (ह. घ्या.)

गेटकीपर
शेपटीबद्दल बोलू. व्हायेबिलिटी डाय (मेलेल्या पेशींतच शिरणारा रंग) घातला होता का? ७-एएडी किंवा प्रोपिडियम आयोडाइड? माझी पैज, ती शेपूट म्हणजे मेलेल्या पेशी. त्यांचं पटल फाटलेलं असतं, अँटीबॉडी आत शिरते आणि वाट्टेल तिथे चिकटून बसते. डाय घालून मेलेल्या पेशी गेटमधून (मोजणीसाठी निवडलेल्या गटातून) बाहेर काढा, शेपूट गेली तर समजा.

कोपऱ्यातला_इन्क्युबेटर
@पिपेटबाई, क्लोन ३६. डेटाशीटवर "मानवी ई-कॅडहेरिन, सी-टर्मिनल भाग" असं लिहिलंय.
@गेटकीपर, डाय नव्हता घातला. आज घालतो.

पिपेटबाई
मग झालं की! ई-कॅडहेरिन पटलातून एकदाच आरपार जातं. एन-टर्मिनलचा मोठा भाग बाहेर, पाच डोमेन एकापुढे एक, आणि सी-टर्मिनलची शेपटी पेशीच्या आत, जिथे बीटा-कॅटेनिन बसतं. तुमची अँटीबॉडी आतली शेपटी ओळखते. जिवंत पेशीत ती आत जाणार कशी? वेस्टर्नमधे तुम्ही पेशी फोडून, एसडीएसमधे (प्रोटीनची घडी मोडणाऱ्या साबणासारख्या द्रव्यात) उकळून, सगळं प्रोटीन सरळ करून पसरवता, तिथे आत-बाहेर असं काही उरतच नाही. म्हणून बँड छान येतो. २४ई१० नावाचा रॅबिट क्लोनही असाच आतल्या भागाचा आहे, तोही फार वापरला जातो, त्यामुळे या फेऱ्यात तुम्ही एकटे नाही. बाहेरच्या भागाचे क्लोन घ्या: एचईसीडी-१, किंवा ६७ए४.
आणि गेटकीपरचं बरोबर आहे. मेलेल्या पेशीत ही अँटीबॉडी आत जाऊन खरोखर ई-कॅडहेरिनलाच चिकटत असेल. म्हणजे तुमच्या अख्ख्या ट्यूबमधे खरं स्टेनिंग झालंय ते फक्त मेलेल्यांचं.

खट्याळ_खलबत्ता
शेवटचं वाक्य लॅबच्या दारावर लावतो.

फक्तवाचक
मी या क्षेत्रातली नाही, पण वाचतेय. अँटीबॉडी एखाद्या प्रोटीनची असते ना? मग एका पद्धतीत दिसतं आणि दुसरीत नाही हे कसं काय? सोप्यात सांगेल का कुणी?

पिपेटबाई
@फक्तवाचक, अँटीबॉडी अख्खं प्रोटीन ओळखत नाही, त्याचा एक चिमुकला तुकडा ओळखते, त्याला एपिटोप म्हणतात. समजा एका वाड्याची खूण तुम्हाला "परसात आड आहे" एवढीच सांगितलीये. तुम्ही रस्त्यावर दिंडीदरवाजासमोर उभ्या. आड दिसणार नाही, तुम्ही म्हणणार हा तो वाडा नव्हेच. वेस्टर्न म्हणजे वाडा पाडून सगळं सपाट केल्यावर बघणं, आड लगेच दिसतो. फ्लो म्हणजे रस्त्यावरून बघणं.

फक्तवाचक
समजलं! धन्यवाद ताई. आणि कधी उलटंही होत असेल ना, दरवाजाची खूण माहितीये पण वाडा पाडल्यावर दरवाजाच उरला नाही?

पिपेटबाई
अगदी. फ्लोसाठी नावाजलेले कितीतरी क्लोन वेस्टर्नला ढिम्म असतात. घडी घातलेल्या प्रोटीनमधे दोन लांबचे भाग शेजारी येऊन एपिटोप बनतो, एसडीएसने घडी मोडली की तो संपला. तुम्ही लॅबमधे यायला हरकत नाही.

निवृत्त_हायब्रिडोमा
सगळे क्लोनवर अडकलेत म्हणून मधे बोलतो. क्लोन बदलला तरी या गृहस्थांना काही दिसणार नाही, कारण त्यांनी पेशी ट्रिप्सिन-ईडीटीएने सोडवल्यात. कॅडहेरिनच्या डोमेनच्या सांध्यांमधे कॅल्शियम बसलेलं असतं, त्यामुळे बाहेरचा भाग ताठ राहतो आणि ट्रिप्सिनला दाद देत नाही. ईडीटीए ते कॅल्शियम ओढून घेतं, सांधे ढिले पडतात आणि ट्रिप्सिन बाहेरचा अख्खा भाग छाटून टाकतं. आत उरते फक्त शेपटी, जी तुमची क्लोन ३६ ओळखते पण पोहोचू शकत नाही. दोन्ही बाजूंनी कोंडी.
यातली गंमत अशी की कॅडहेरिन सापडलं तेच मुळी या भानगडीतून. मासातोशी ताकेइची क्योटोहून बाल्टिमोरच्या कार्नेगी संस्थेत गेले. क्योटोत ज्या पद्धतीने सुट्या केलेल्या पेशी परत एकमेकींना चिकटायच्या त्या तिकडे चिकटेनात. शोधता शोधता लक्षात आलं की तिकडच्या ट्रिप्सिनमधे ईडीटीए घातलेलं असतं, इकडच्यात नव्हतं. मग त्यांनी पेशींना कॅल्शियमसकट ट्रिप्सिन आणि कॅल्शियमविना ट्रिप्सिन असं देऊन तुलना केली आणि १९७७ साली दाखवलं की कॅल्शियमवर चालणारी एक वेगळी चिकटण्याची यंत्रणा आहे, आणि कॅल्शियम असलं की ट्रिप्सिन तिला हात लावत नाही. ज्या बाटलीने तुमचा प्रयोग बसला तिनेच त्यांचा उठला.

अनामिक_अगार
दंडवत काका! वाखुसा (वाचनखूण साठवली).

गेटकीपर
काकांशी सहमत, पण उपाय इतका सोपा नाहीये. कॅल्शियम घालून ट्रिप्सिन दिलं तर ई-कॅडहेरिन शाबूत राहतं, मान्य, पण मग एमसीएफ-७ सुट्याही होत नाहीत. गठ्ठेच्या गठ्ठे येतात. फ्लोला एकेकटी पेशी लागते, गठ्ठा म्हणजे एकतर नोझल चोंदणार नाहीतर डबलेट (चिकटलेल्या दोन पेशी) म्हणून गेटबाहेर. म्हणजे ज्या पेशींवर ई-कॅडहेरिन सगळ्यात जास्त त्याच आपण फेकून देणार आणि वर म्हणणार सिग्नल कमी आहे.

निवृत्त_हायब्रिडोमा
म्हणून नुसतं ईडीटीए वापरायचं, ट्रिप्सिन नाही. कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेल्या पीबीएसने दोनदा धुवा, ईडीटीए घाला, ३७ अंशांवर ठेवा, अधूनमधून हलक्या हाताने पिपेट मारा. छाटणारं काही नसल्यामुळे कॅडहेरिन ढिलं पडतं पण जागेवर राहतं. वेळ लागतो. घाई करून स्क्रेपरने खरवडलंत तर पेशी फाटतील आणि परत मेलेल्यांचं स्टेनिंग बघत बसाल.

चिकटपेशी
माझ्या अनुभवात अ‍ॅक्युटेज (पेशी सोडवायचं एन्झाइम मिश्रण) पण चालतं, पेशी सुट्या चांगल्या होतात. पण त्यातही प्रोटीएज (प्रोटीन कापणारी एन्झाइम) असतातच, "सौम्य" हा शब्द जाहिरातीतला आहे. प्रत्येक मार्करला (पेशीवरच्या खुणेच्या प्रोटीनला) वेगळं. ऊतीतून पेशी काढताना तर अजून मजा. डिस्पेज नावाचं एन्झाइम टी पेशींवरचे काही मार्कर कापतं आणि मग लोक म्हणतात आमच्या ऊतीत सीडी४ पेशीच नाहीत. साधा कंट्रोल असा: ज्या पेशींवर मार्कर आहे हे माहितीये (रक्तातल्या घ्या) त्यांना तेच एन्झाइम तेवढाच वेळ द्या आणि आधी-नंतर स्टेन करून बघा. कुणी करत नाही.

सपाटबँड
एवढं सगळं कशाला? ट्रिप्सिन देऊन पेशी काही तास मीडियामधे ठेवा, नवीन प्रोटीन बनून वर येतं.

चिकटपेशी
येतं, पण किती आलं हे कसं ठरवणार? त्यांना मोजायचंय. तुम्ही मग पृष्ठभागावर किती होतं ते मोजत नाही, किती वेगाने परत बनतं ते मोजता. शिवाय तेवढ्या वेळात त्या परत तळाला चिकटून बसतात.

सपाटबँड
बरं. मग मायक्रोस्कोपखाली बघा ना, पेशी काढायच्याच नाहीत. चिकटलेल्या असतानाच, पर्मिअबिलाइझ न करता (पटलाला भोकं न पाडता) स्टेन करा.

पिपेटबाई
ही सूचना चांगली आहे, एक खाच सोडून. पेशी गच्च भरून एकसंध थर झाला असेल तर ई-कॅडहेरिन असतं पेशींच्या बाजूंना, टाइट जंक्शनच्या (शेजारच्या पेशी घट्ट सांधणाऱ्या पट्ट्याच्या) खाली. वरून ओतलेली अँटीबॉडी तिथवर पोहोचत नाही. बाहेरचा एपिटोप, योग्य क्लोन, ट्रिप्सिन नाही, तरी अंधार. विरळ पेशींवर करा.

खट्याळ_खलबत्ता
म्हणजे पेशी काढली तर छाटलं जातं, नाही काढली तर पोहोचत नाही. या प्रोटीनची पत्रिका बघा कुणीतरी.

आयसोटाइपद्वेष्टा
नावाप्रमाणे एक मुद्दा मांडून जातो. इथे सगळे आयसोटाइप कंट्रोलशी तुलना करतायत ते मला पटत नाही. आयसोटाइप म्हणजे त्याच वर्गाची पण कुठलंही लक्ष्य नसलेली दुसरीच अँटीबॉडी. तिचा चिकटपणा वेगळा, थेट रंग लावलेली असेल तर रंगाचं प्रमाण वेगळं, साठवण वेगळी. तिच्या पीकवर रेघ मारून "याच्या उजवीकडे पॉझिटिव्ह" म्हणणं बंद करा. खरा कंट्रोल म्हणजे प्रोटीन नसलेली पेशी. सीडीएच१, म्हणजे ई-कॅडहेरिनचं जीन क्रिस्परने काढलेली एमसीएफ-७ असेल तर सोन्याहून पिवळं.

गेटकीपर
रेघ मारू नये हे मान्य, पण फेकूनही देऊ नका. धागाकर्त्याने काय लिहिलंय बघा, अँटीबॉडी वाढवली तर आयसोटाइपही सरकतो. ही माहिती आयसोटाइपनेच दिली ना? अँटीबॉडी इथेतिथे चिकटतेय आणि प्रमाण जास्त झालंय. टायट्रेशन करा, पातळ करत करत जा, पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह पेशींमधला फरक जिथे सगळ्यात मोठा तिथे थांबा. डेटाशीटवरचं प्रमाण हा फक्त अंदाज असतो. जास्त अँटीबॉडी म्हणजे जास्त सिग्नल हा समज कुठून आला देव जाणे.

आयसोटाइपद्वेष्टा
एवढ्यापुरतं मान्य. पण निगेटिव्ह म्हणून २३१ घ्याल तर तिची स्वतःची चमक एमसीएफ-७ पेक्षा वेगळी असणार, दोन्हींचे बिनरंगाचे नमुने पण चालवा.

रक्तपेढीवाली
जरा अवांतर, पण याच विषयातलं. आमच्याकडे ही भानगड रुग्णाच्या नळीत घडते. मायलोमासाठी (रक्ताचा एक कर्करोग) डॅराटुमुमॅब नावाची अँटीबॉडी देतात, २०१५ साली मंजूर झाली. ती सीडी३८ या पेशीवरच्या प्रोटीनला चिकटते. सीडी३८ थोडंसं लाल पेशींवरही असतं, त्यामुळे रक्त जुळवताना रुग्णाच्या सीरममधलं औषधच आमच्या चाचणीतल्या सगळ्या लाल पेशींना चिकटतं आणि प्रत्येक बाटली न जुळणारी दिसते. सुरुवातीला लोक चक्रावले होते. उपाय असा की चाचणीच्या लाल पेशींना आधी डीटीटी द्यायचं, ते सीडी३८ मधले डायसल्फाइड बंध तोडतं, एपिटोप मोडतो, औषध चिकटत नाही. पण डीटीटीने केल या रक्तगटाचे अँटिजेनही मोडतात, म्हणून मग केल-निगेटिव्ह रक्त द्यायचं. एक एपिटोप मोडायला गेलं की शेजारचाही पडतो.
आणि अशा रुग्णाच्या मायलोमा पेशी फ्लोवर सीडी३८ ने शोधायला गेलात तर त्या सापडतच नाहीत, कारण औषध आधीच तिथे बसलेलं. रिटुक्सिमॅब या औषधानंतर सीडी२० चंही तेच. दर वेळी प्रोटीन गेलेलंच असतं असं नाही, जागा अडवलेली असते.

अनामिक_अगार
हे भारी आहे. वेगळा धागा काढा की यावर.

निवृत्त_हायब्रिडोमा
रक्तपेढीवाल्या ताईंचा मुद्दा अवांतर अजिबात नाही. सीडी३४ चं घ्या, रक्ताच्या मूळपेशींवरचं प्रोटीन. त्याच्या अँटीबॉड्यांचे चक्क तीन वर्ग पाडलेत, कुठलं एन्झाइम दिल्यावर एपिटोप टिकतो त्यावरून. पहिल्या वर्गाचा एपिटोप न्यूरामिनिडेजने सियालिक आम्ल (टोकाची एक साखर) काढलं की जातो, दुसऱ्याचा त्यात टिकतो पण ग्लायकोप्रोटीएजने जातो, तिसऱ्याचा सगळ्यात टिकतो. मूळपेशी प्रत्यारोपणासाठी सीडी३४ मोजताना तिसऱ्या वर्गाचे क्लोन घेतात ते याच कारणाने, रुग्णागणिक साखरेच्या साखळ्या बदलल्या म्हणून मोजणी बदलायला नको.
ही क्लोनची भाऊगर्दी जुनी आहे. १९७५ ला कोहलर आणि मिलस्टीननी हायब्रिडोमा (अँटीबॉडी बनवणारी पेशी कर्कपेशीशी जोडून) केला आणि मग जो तो पेशीवरच्या प्रोटीनच्या अँटीबॉड्या काढायला लागला, प्रत्येकाचं नाव वेगळं. शेवटी १९८२ साली पॅरिसला सगळ्यांनी आपापल्या अँटीबॉड्या आणून एकत्र तपासल्या आणि सीडी क्रमांक द्यायला सुरुवात केली. ते क्रमांक म्हणजे मुळात अँटीबॉड्यांचे गट होते, प्रोटीन कुठलं हे पुष्कळदा मागून कळलं.

सपाटबँड
काका, हायब्रिडोमा म्हणजे एक पेशी एक अँटीबॉडी, शुद्ध, असंच ना?

निवृत्त_हायब्रिडोमा
असं आम्हीही शिकवायचो. २०१८ च्या एका अभ्यासात १८५ हायब्रिडोमांचे क्रम वाचले, तर जवळपास एक तृतीयांशांमधे एकापेक्षा जास्त चालू अँटीबॉडी साखळ्या निघाल्या. म्हणजे बाटलीवर एकच नाव आणि आत मिश्रण. म्हणून आता लोक रिकॉम्बिनंटकडे (ठरावीक जीनवरून बनवलेल्या अँटीबॉडीकडे) वळतायत, क्रम माहीत असतो आणि लॉट बदलला तरी माल तोच राहतो. पण लक्षात घ्या, रिकॉम्बिनंट असली तरी ती आतल्या शेपटीची असेल तर जिवंत पेशीवर शून्यच.

चिकटपेशी
+१. २०१६ मधे अँटीबॉडी तपासण्याचे पाच मार्ग सुचवले होते, जीन काढून बघा, अँटीबॉडीविना दुसऱ्या पद्धतीने मोजून बघा, वेगळ्या एपिटोपची अँटीबॉडी लावा, टॅग लावलेलं प्रोटीन बनवा, आणि पकडलेलं प्रोटीन मास स्पेक्ट्रोमेट्रीने ओळखा. हे ज्या पद्धतीत वापरणार त्या पद्धतीत तपासायचं असतं. वेस्टर्नचं प्रमाणपत्र फ्लोला चालत नाही.

खट्याळ_खलबत्ता
प्रमाणपत्र आणि शिवाय तीन प्रतींत सत्यप्रत.

कोपऱ्यातला_इन्क्युबेटर
धागा सोडून गेलो नव्हतो, प्रयोग करत होतो. अपडेट:
७-एएडी घातल्यावर शेपूट जवळजवळ पूर्ण गेली. गेटकीपर, पैज जिंकलात.
पेशी फिक्स करून, सॅपोनिनने पटलाला भोकं पाडून क्लोन ३६ लावली तर एमसीएफ-७ मधे पीक स्वच्छ सरकतो, २३१ मधे नाही.
शेजारच्या लॅबमधून एचईसीडी-१ थोडी मागून आणली. ट्रिप्सिन-ईडीटीए: काही नाही. नुसतं ईडीटीए: पीक सरकला! पण रुंद आहे, डावीकडे एक खांदा दिसतो, जणू दोन गट आहेत. हे खरे दोन गट की माझ्या बफरमुळे?

निवृत्त_हायब्रिडोमा
स्टेनिंगच्या बफरमधे ईडीटीए आहे का? असेल तर काढा, पेशी धुवून थोडं कॅल्शियम घाला. काही क्लोन कॅल्शियम असतानाचाच आकार नीट ओळखतात.

गेटकीपर
कॅल्शियम घातलं की परत गठ्ठे होतील ना?

निवृत्त_हायब्रिडोमा
बर्फावर फारसे नाहीत, कॅडहेरिनचं चिकटणं थंडीत मंदावतं. शिवाय एचईसीडी-१ स्वतःच ते चिकटणं अडवते. चाळणीतून गाळून घ्या आणि मशीनवर जाईपर्यंत ट्यूब बर्फातच ठेवा.

आयसोटाइपद्वेष्टा
आणि तो खांदा डबलेट काढल्यावर बघितलाय की आधी?

कोपऱ्यातला_इन्क्युबेटर
काढल्यावर. कॅल्शियम घालून केलं, खांदा बराच कमी झाला, पूर्ण गेला नाही. फ्लास्क गच्च भरण्याआधीच्या पेशींत जास्त दिसतो, त्यामुळे थोडा भाग खरा असावा.
आता नवीन कटकट. सरांचं म्हणणं, जुना सगळा डेटा क्लोन ३६ ने केलेल्या वेस्टर्नचा आहे, त्याच्याशी या फ्लोच्या आकड्यांची तुलना कर. औषध दिल्यावर वेस्टर्नमधे बँड तेवढाच, आणि फ्लोमधे मात्र सिग्नल निम्म्याच्या खाली. कुठलं खरं धरू?

पिपेटबाई
दोन्ही. वेस्टर्न पेशीतलं एकूण प्रोटीन दाखवतो, फ्लो फक्त बाहेरचं. तेवढंच प्रोटीन आत ओढून घेतलं गेलं असेल तर नेमकं हेच दिसेल. दुसरी शक्यता, बाहेरचा भाग कापला जाऊन मीडियात सुटतोय, ८० किलोडाल्टनच्या आसपासचा तुकडा. पण मग १२० चा बँड कमी व्हायला हवा आणि क्लोन ३६ ला खाली उरलेल्या शेपटीचा छोटा बँड दिसायला हवा. जुन्या ब्लॉटचा खालचा भाग कापून टाकलाय का बघा, लोक टाकतात. मीडियाचा वेस्टर्न बाहेरच्या एपिटोपच्या अँटीबॉडीने करा, क्लोन ३६ ने त्यात काही दिसणार नाही.

चिकटपेशी
आणि आत ओढलं जातंय हे नक्की करायला पृष्ठभाग बायोटिनिलेशन (बाहेरच्या प्रोटीनना बायोटिनची खूण लावणं) करा. सल्फो-एनएचएस-एसएस-बायोटिन पटलातून आत जात नाही, बाहेरच्यांनाच लागतं. मग पेशी फोडून, बायोटिन पकडणाऱ्या स्ट्रेप्टअ‍ॅव्हिडिनने ओढा आणि क्लोन ३६ लावा. तुमची जुनी अँटीबॉडी इथे बिनतक्रार चालेल, पेशीही सोडवाव्या लागत नाहीत. फक्त पेशी विरळ ठेवा, आणि लेबल लावताना ट्रिसचा बफर नको, त्यातल्या अमाइनलाच बायोटिन लागून संपतं. पीबीएस घ्या, कॅल्शियम-मॅग्नेशियमवालं, आणि ट्रिस शेवटी उरलेलं बायोटिन मारायला.

कोपऱ्यातला_इन्क्युबेटर
जुने ब्लॉट काढले, सगळे ७० च्या खाली कापलेले आहेत. परत चालवावे लागणार. बायोटिन आहे फ्रीजरमधे, उघडलेलं, कधीचं ते लिहिलेलं नाही.

चिकटपेशी
नवीन घ्या. ओलावा लागला की ते मरतं. बाटली खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका.